लहान मुलांनी कारमधील सीटबेल्ट सोडणे

कारमधून प्रवास करताना लहान मुलाने स्वतःच्या सीटबेल्टचे, म्हणजेच आसनपट्ट्याचे, बक्कल स्वतःहून उघडणे किंवा बक्कल न उघडताच पट्ट्यातून हात वा खांदे बाहेर काढणे ही बालसुरक्षेच्या क्षेत्रातील एक परिचित समस्या आहे. ती मुख्यतः एक ते पाच वर्षे वयाच्या मुलांमध्ये आढळते. या वयात बोटांचे कौशल्य झपाट्याने वाढते. पट्टा कशासाठी लावलेला आहे ही समज मात्र त्याच्या बरीच मागून येते. इंग्रजीभाषक देशांत अशा मुलांना, बेड्या आणि साखळ्यांतून सुटून दाखवणारा जादूगार हॅरी हुडिनी (१८७४–१९२६) याच्या नावावरून, गमतीने ‘हुडिनी’ म्हटले जाते.

बक्कल मुलाला उघडताच येऊ नये असे करून टाकावे, हा पालकांना सर्वप्रथम सुचणारा उपाय होय. परंतु बक्कल हे कुलूप नव्हे. अपघातानंतर तेच बक्कल घाबरलेल्या आईला, रस्त्यावरून धावत आलेल्या अनोळखी माणसाला किंवा अग्निशमन दलाच्या जवानाला क्षणार्धात उघडता आले पाहिजे. या दोन परस्परविरोधी गरजांमुळे प्रतिबंधाचा मोठा भाग यंत्ररचनेवर न राहता पट्टा नीट बसवण्यावर आणि मुलाच्या सवयीवर येऊन पडतो.

धोक्याचे स्वरूप

ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी कार सेकंदाला सुमारे १४ मीटर अंतर कापते. या वेगाने होणारी धडक आणि सुमारे १० मीटर उंचीवरून, म्हणजे साधारण तीन मजल्यांवरून, खाली पडणे यांतील आघाताचा वेग सारखाच असतो. धडकेच्या वेळी कारचा पुढचा भाग चेपला जातो आणि त्यामुळे कारला थांबण्यासाठी थोडे अंतर मिळते. पट्टा घट्ट असेल तर मुलाचे शरीरही कारबरोबरच थांबू लागते आणि त्या अंतराचा लाभ त्याला मिळतो. हे अंतर अर्धा मीटर धरले, तर १२ किलो वजनाच्या मुलावर सरासरी सुमारे २४० किलो वजनाइतके बल येते. चांगला हार्नेस हे बल खांदे, छाती आणि कमरेच्या हाडांवर वाटून देतो.

पट्टा सुटलेला असल्यास कार थांबू लागली तरी मूल आधीच्याच वेगाने पुढे जात राहते आणि पुढच्या आसनाच्या पाठीवर किंवा काचेवर आदळून काही सेंटिमीटरांत थांबते. त्यामुळे होणारा आघात कित्येक पटींनी वाढतो. मांडीवर घेतलेले मूल हातांनी धरून ठेवता येईल, हा समज वरील आकड्यावरूनच निकालात निघतो. २४० किलोचा हिसका कोणाच्याही हातांना पेलणारा नाही. धडक झाली नाही, केवळ जोराचा ब्रेक लागला, तरी आसनावर उभे राहिलेले मूल दोन पुढच्या आसनांमधील मोकळ्या जागेतून पुढे फेकले जाऊ शकते. शिवाय पट्ट्याशिवायचे मूल कारमधील इतरांवर आदळून त्यांनाही जखमी करू शकते.

एक धोका अप्रत्यक्ष आहे. मागे मुलाने पट्टा सोडल्याचे कळताच चालक मान वळवून पाहतो, एक हात मागे नेऊन बक्कल लावण्याचा प्रयत्न करतो. ताशी ८० किलोमीटर वेगात तीन सेकंद मागे पाहणे म्हणजे सुमारे ६७ मीटर रस्ता न पाहता पार करणे होय. मुलाने सोडलेला पट्टा चालत्या गाडीत लावू पाहणे हे पट्टा सुटण्याइतकेच धोक्याचे ठरू शकते.

वय आणि कारणे

अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेतील संशोधकांनी २०११ मध्ये मांडलेल्या एका पालक-सर्वेक्षणात ५१ टक्के कुटुंबांनी आपल्या किमान एका मुलाने बालआसनाचे बक्कल स्वतः उघडल्याचे सांगितले. अशा मुलांपैकी ७५ टक्के मुले तीन वर्षांची किंवा त्याहून लहान होती आणि सर्वांत लहान मूल अवघ्या १२ महिन्यांचे होते. सुमारे ४३ टक्के मुलांनी हे गाडी चालू असताना केले होते. सर्वेक्षण पालकांच्या आठवणींवर आधारलेले असल्याने त्यातील आकडे सर्वत्र तंतोतंत लागू होतील असे नाही. तरी ही गोष्ट एखाद्याच खोडकर मुलाची नसते, हे त्यातून पुरेसे स्पष्ट होते.

एक वर्षाच्या सुमारास मुलाला अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत लहान वस्तू पकडता येऊ लागते. त्यापुढील दोन वर्षांत ते मोठ्यांचे अनुकरण करते, बटणे दाबून काय होते ते पाहते आणि प्रत्येक काम ‘मी करणार’ असा हट्ट धरते. बक्कलमध्ये या साऱ्यांना आमंत्रण असते. त्याचे बटण लालभडक असते, दाबल्यावर ‘खट्’ असा आवाज होतो आणि पाठोपाठ आई-वडिलांची हमखास धावपळ होते. दोन वर्षांच्या मुलाला याहून चांगले खेळणे मिळणे कठीण आहे.

याखेरीज कंटाळा, भूक, उकाडा, लघवीची भावना, मांडीच्या मधल्या पट्ट्याचा काच किंवा मानेला घासणारी कड अशी अगदी साधी कारणेही असतात. उन्हात उभ्या राहिलेल्या कारमध्ये बक्कलचा धातूचा भाग चटका बसण्याइतका तापतो आणि अशा वेळी मूल पट्ट्याला विरोध करते तो सकारणच असतो. त्यामुळे मूल पट्टा केव्हा सोडते, प्रवासाच्या सुरुवातीलाच की अर्ध्या तासाने, जाडे कपडे असताना की नेहमीच, हे पाहणे उपाय शोधण्याआधी आवश्यक ठरते.

बक्कलची रचना

मोठ्यांसाठी वापरला जाणारा तीन ठिकाणी अडकणारा सीटबेल्ट व्होल्वो या स्वीडिश कंपनीतील अभियंता निल्स बोहलीन याने १९५९ मध्ये प्रत्यक्षात आणला. लहान मुलांसाठीची खरी सुरक्षा आसने १९६० च्या दशकात तयार होऊ लागली. स्वीडनमधील प्राध्यापक बर्टील आल्डमन यांनी अंतराळवीरांच्या पाठमोऱ्या आसनांवरून कल्पना घेऊन मागे तोंड असलेल्या बालआसनाचा नमुना बनवला आणि १९६४ मध्ये त्याची चाचणी झाली. त्याआधीची ‘मुलांची आसने’ मुलाला बाहेरचे दिसावे आणि त्याने गाडीत फिरू नये एवढ्याच हेतूने बनवलेली असत.

आजच्या बालआसनात, म्हणजे बोलीभाषेतल्या चाइल्ड सीटमध्ये, बहुधा पाच ठिकाणी अडकणारा हार्नेस असतो. त्याचे दोन पट्टे खांद्यांवरून येतात, दोन कमरेच्या बाजूंनी आणि एक मांड्यांच्या मधून. हे सारे पोटाच्या खाली एका बक्कलमध्ये एकत्र येतात. मुलाच्या हाताला सहज लागेल अशाच जागी बक्कल का ठेवले, असा प्रश्न पालक विचारतात. त्याचे उत्तर असे की, सर्व पट्टे एका बिंदूत आणून एकाच कृतीने मोकळे करायचे असतील तर ती जागा मुलाच्या पुढ्यातच येते. मागे लपवलेले बक्कल मुलाच्या हाताला लागले नसते, पण बचाव करणाऱ्यालाही सापडले नसते.

बक्कल मुलाला जड जावे याची काळजी प्रमाणकांनी बटण दाबण्यास लागणाऱ्या बलावर मर्यादा घालून घेतली आहे. अमेरिकेच्या ‘एफएमव्हीएसएस २१३’ या मानकानुसार धडक-चाचणीपूर्वी बालआसनाचे बक्कल ४० न्यूटनपेक्षा कमी बलाने उघडता कामा नये आणि ६२ न्यूटनपर्यंतच्या बलाने उघडलेच पाहिजे. व्यवहारातील भाषेत हे बल सुमारे ४ ते ६.३ किलो वजनाच्या दाबाइतके होते. धडकेनंतर मुलाचे वजन पट्ट्यांवर ताण देत असतानाही ते ७१ न्यूटनपर्यंतच्या बलाने उघडणे बंधनकारक आहे. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाच्या ‘नियमन ४४’ मध्ये ही मर्यादा ४० ते ८० न्यूटन अशी होती. याच नियमनानुसार बटण लाल रंगाचे असावे लागते आणि बक्कलचा अन्य कोणताही भाग लाल असून चालत नाही. मुलाला मोहात पाडणारा तो लाल रंग खरे तर धुरात आणि घाईत बचाव करणाऱ्याच्या नजरेस पडावा म्हणून ठेवलेला आहे.

या आकड्यांमागे बरीच ओढाताण आहे. अमेरिकेत आरंभी किमान बलाची मर्यादा १२ पौंड, म्हणजे सुमारे ५३ न्यूटन, इतकी होती. मुलांना बक्कल उघडता येऊ नये हाच तिचा उद्देश होता. परंतु अशी बक्कले मोठ्या माणसांनाही जड जात. १९८० च्या दशकाच्या मध्यास ही मर्यादा ९ पौंडांवर, म्हणजे ४० न्यूटनवर, आणण्यात आली. बक्कल जड केले की पालक कंटाळून ते नीट लावत नाहीत आणि हलके केले की मूल उघडते. ४० न्यूटन हा या दोहोंमधला आकडा आहे, मुलांच्या शक्तीची वरची मर्यादा नव्हे. दोन्ही अंगठे एकावर एक ठेवून, पाय रोवून किंवा अंगाचा भार देऊन जोर लावला, तर तीन-चार वर्षांच्या अनेक मुलांना एवढे बल लावता येते. मोठ्यांच्या पट्ट्याचे बक्कल तर याहून हलके असते.

बक्कल अपेक्षेपेक्षा सहज उघडत असल्यास ते बिघडलेले असण्याचीही शक्यता असते. बिस्किटांचा चुरा, सांडलेले दूध, सरबत किंवा वाळू आत साचल्यास जीभ, म्हणजे पट्ट्याच्या टोकाचा धातूचा तुकडा, पूर्ण अडकत नाही आणि थोड्याशा ओढीनेही सुटते. जीभ आत गेल्याचा ‘खट्’ आवाज ऐकून पट्टा एकदा ओढून पाहणे ही त्यावरची साधी तपासणी होय. बक्कल स्वच्छ कसे करावे हे आसनाबरोबरच्या माहितीपुस्तिकेत दिलेले असते. त्यात तेल किंवा वंगण घालणे मात्र अयोग्य आहे.

बक्कल न उघडता सुटणे

पालकांना ‘मुलाने पट्टा सोडला’ असे वाटते तेव्हा पुष्कळदा बक्कल बंदच असते आणि मुलाने खांद्यांवरच्या पट्ट्यांखालून हात काढून घेतलेले असतात. याचे कारण जवळजवळ नेहमी एकच असते: हार्नेस सैल असतो. तो पुरेसा घट्ट आहे की नाही हे पाहण्यासाठी मुलाच्या खांद्याजवळ पट्ट्याला उभी चिमटी काढून पाहतात. पट्ट्याची घडी चिमटीत आली तर तो सैल समजावा. बोटे नुसतीच घसरली तर तो योग्य आहे. मूल रडेल, त्याला काचेल या भीतीने पट्टा सैल ठेवण्याकडे घरातल्या वडीलधाऱ्यांचा कल असतो. प्रत्यक्षात सैल पट्टाच वळतो, सरकतो आणि मानेला घासतो.

खांद्यांच्या पट्ट्यांची उंचीही महत्त्वाची असते. मागे तोंड असलेल्या आसनात हे पट्टे मुलाच्या खांद्यांच्या पातळीवरून किंवा किंचित खालून यावेत, तर पुढे तोंड असलेल्या आसनात खांद्यांच्या पातळीवरून किंवा किंचित वरून. मूल वाढते आणि पट्टे जुन्याच खाचांत राहतात, हे सर्वत्र आढळणारे दुर्लक्ष आहे. जाड स्वेटर किंवा फुगीर जाकिट घालून पट्टा लावल्यास तो वरवर घट्ट वाटतो, पण धडकेत कापूस दबतो आणि पट्टा सैल पडतो. थंड प्रदेशांत म्हणूनच मुलाला पातळ कपड्यांत बसवून पट्टा लावतात आणि वरून पांघरूण घालतात. महाबळेश्वरच्या हिवाळी सहलीलाही हीच पद्धत लागू पडते.

अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या बहुतेक आसनांना छातीवर एक क्लिप असते. ती काखेच्या पातळीवर असावी लागते. तिचे काम दोन्ही खांदापट्टे जवळ ठेवणे एवढेच आहे. अपघाताचा भार ती घेत नाही. क्लिप पोटावर सरकलेली असेल तर मुलाला खांदे सहज बाहेर काढता येतात. युरोपीय पद्धतीच्या आसनांत, आणि त्याच धर्तीच्या भारतीय आसनांत, अशी क्लिप सहसा नसते, कारण तेथे मूल एकाच बक्कलवरील एकाच कृतीने मोकळे व्हावे असा नियम आहे.

थोड्या मोठ्या मुलांचा प्रकार वेगळा असतो. बूस्टरवर, म्हणजे उंची वाढवणाऱ्या आसनावर, बसणारी चार ते दहा वर्षांची मुले कारचाच पट्टा वापरतात. ती बक्कल सोडण्यापेक्षा खांद्यावरचा पट्टा काखेखाली किंवा पाठीमागे टाकतात. अशा वेळी बक्कल लागलेले दिसते, पण शरीराचा वरचा भाग मोकळाच असतो. धडकेत शरीर कमरेच्या पट्ट्यावर दुमडते आणि आतडी, यकृत, प्लीहा किंवा कण्याला इजा होऊ शकते. वैद्यकीय परिभाषेत या इजांच्या समूहाला ‘सीटबेल्ट सिंड्रोम’ असे नाव आहे. खांद्यावरचा पट्टा मानेला लागतो म्हणून मूल तो हटवत असेल, तर पट्टा वळवून घेणारी खाच असलेले उंच पाठीचे बूस्टर हा त्यावरचा खरा उपाय आहे. मूल अद्याप हार्नेसच्या वजन-उंचीच्या मर्यादेत बसत असेल, तर बूस्टरकडे जाण्याची घाई न करणे अधिक श्रेयस्कर ठरते. बूस्टरवर बसण्यासाठी उंचीइतकीच संपूर्ण प्रवासभर नीट बसून राहण्याची परिपक्वता लागते.

सवय आणि शिस्त

बालरोगतज्ज्ञ आणि सुरक्षाशिक्षक ज्या एका उपायावर सर्वाधिक भर देतात तो अतिशय साधा आहे: पट्टा सुटला की गाडी थांबते आणि सर्वांचे पट्टे लागल्याशिवाय ती पुढे जात नाही. यात रागावणे, ओरडणे किंवा लांबलचक उपदेश नसतो. मुलाच्या दृष्टीने ओरडणे हेही लक्ष वेधल्याचे बक्षीसच असते. याउलट, थांबलेल्या गाडीत शांतपणे बसून राहणे कंटाळवाणे असते आणि तो कंटाळाच परिणामकारक ठरतो. मात्र नियम प्रत्येक वेळी पाळला गेला पाहिजे. दहापैकी नऊ वेळा गाडी थांबली आणि दहाव्यांदा शाळेला उशीर झाला म्हणून तशीच पुढे गेली, तर मूल त्या दहाव्या वेळेच्या आशेवर प्रयत्न करीत राहते. म्हणून सुरुवातीला घाई नसलेल्या, छोट्या, घराजवळच्या फेऱ्यांमध्ये ही शिकवण देण्याचा सल्ला दिला जातो.

‘थांबणे’ याचा अर्थ मिळेल तेथे थांबणे असा नाही. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गासारख्या रस्त्यावर, विशेषतः घाटाच्या भागात, कडेच्या पट्टीवर उभी केलेली कार हीच मोठ्या अपघाताला निमंत्रण देते. अशा मार्गावर वेग कमी करून डाव्या मार्गिकेत येणे आणि पुढच्या फूड मॉलवर, पेट्रोल पंपावर किंवा बाहेर पडण्याच्या रस्त्यावर थांबणे योग्य होय. लांबच्या प्रवासात एक प्रौढ व्यक्ती मागे मुलाशेजारी बसल्यास हा प्रसंग बहुधा येतच नाही. नजरेसमोर राहावे म्हणून मुलाला पुढच्या आसनावर आणणे मात्र चुकीचे आहे. चालू एअरबॅगसमोर मागे तोंड असलेले बालआसन ठेवणे तर प्राणघातक ठरू शकते.

योग्य वागणुकीची दखल घेणे हे शिस्तीचे दुसरे अंग आहे. मूल पट्ट्यात शांत बसलेले असताना त्याच्याशी बोलणे, गाणी म्हणणे, खिडकीबाहेरचे ट्रक मोजणे यांमुळे ‘पट्ट्यात बसले की मजा असते’ असा संबंध जुळतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ख्रिस्तोफरसन यांनी १९७७ मध्ये ‘पिडियाट्रिक्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, बालआसनात बसवलेल्या मुलांचे प्रवासातील वर्तन मोकळ्या सोडलेल्या मुलांपेक्षा बरेच चांगले असल्याचे दाखवले. मुलाला बांधून ठेवले तर ते त्रास देईल, या सर्वसाधारण समजुतीच्या हे नेमके उलट आहे.

‘मी करणार’ या हट्टाचा उपयोगही करून घेता येतो. बक्कल लावण्याचे काम मुलाला द्यावे आणि उघडण्याचे काम मोठ्यांचे, अशी विभागणी अनेक घरांत यशस्वी होते. गाडी थांबली, इंजिन बंद झाले, मोठ्यांनी ‘आता सोड’ म्हटले, मगच पट्टा सुटतो, हा क्रम मुलाच्या अंगवळणी पडतो. बाहुलीला पट्टा लावणे किंवा सर्वांचे पट्टे तपासणारा ‘पोलीस’ बनणे हे खेळही याच हेतूने सुचवले जातात. हातांना काम मिळेल असे मऊ खेळणे किंवा चित्रांचे पुस्तक देणे उपयुक्त असते. टणक आणि जड वस्तू मात्र धडकेत अस्त्राप्रमाणे उडतात.

मोठ्यांनी स्वतः पट्टा न लावता मुलाकडून तो लावण्याची अपेक्षा करणे निरर्थक आहे. भारतात पट्टा न लावताच गाडीचा इशाराध्वनी बंद पाडणाऱ्या क्लिपा खुलेआम विकल्या जात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२३ मध्ये पाच ई-व्यापार संकेतस्थळांना त्या विक्रीतून हटवण्याचे आदेश दिले. बक्कलला फसवण्याची कला मूल अशा गाडीत मोठ्यांकडूनच शिकत असते.

बाजारातील जोडसाधने

बक्कलचे बटण झाकणारी प्लास्टिकची आवरणे आणि दोन खांदापट्टे छातीवर जोडणारे अतिरिक्त पट्टे ‘मुलाला सुटू न देणारी साधने’ म्हणून विकले जातात. काही आवरणांना मध्ये एक चीर असते आणि त्यात किल्ली किंवा तत्सम वस्तू घालूनच बटण दाबता येते. पालकांची हतबलता लक्षात घेता ही साधने लोकप्रिय का होतात हे समजण्यासारखे आहे. त्यांच्याविषयीचे आक्षेप तरीही गंभीर आहेत.

बालआसनाची धडक-चाचणी अशा साधनांशिवाय झालेली असते. त्यामुळे ती जोडल्यावर पट्टे कोठे ओढले जातील, छातीवरचा पट्टा वर सरकून गळ्यावर येईल का, याची हमी आसनाच्या उत्पादकाकडून मिळत नाही. बटण झाकलेले बक्कल अपघातानंतर, आगीत किंवा पाण्यात पडलेल्या गाडीत बचाव करणाऱ्याला उघडता येत नाही, आणि ज्याला किल्लीची जागा ठाऊक आहे तो प्रौढ त्या वेळी शुद्धीवर असेलच असे नाही. एकाच कृतीने मूल मोकळे करता यावे या युरोपीय नियमाशीही अशी आवरणे विसंगत ठरतात. अमेरिकी बालरोगतज्ज्ञ अकादमीचा सल्ला असा आहे की, आसनाबरोबर न आलेले किंवा उत्पादकाने मान्य न केलेले कोणतेही साधन त्यावर लावू नये. काही उत्पादक स्वतःच्या आसनांसाठी चाचणी केलेली जोडसाधने देतात. त्यांची माहिती पुस्तिकेत असते आणि ती वापरण्यास हरकत नसते.

घरगुती युक्त्या याहून धोक्याच्या असतात. बक्कलवर चिकटपट्टी गुंडाळणे, ओढणीने किंवा दोरीने मुलाला आसनाशी बांधणे, पट्ट्यांना गाठी मारणे यांमुळे पट्ट्याचे काम तर बिघडतेच, शिवाय गळफास बसण्याची शक्यता निर्माण होते.

पट्टा सोडणाऱ्या मुलाचा पुढचा हात दरवाजाच्या कडीकडे जातो. मागच्या दरवाजांच्या कडेला असलेला बालकुलपाचा खटका सरकवून ठेवल्यास दरवाजा आतून उघडत नाही, बाहेरून मात्र उघडतो. मुलाला आतून अडवणारे आणि बचाव करणाऱ्याला न अडवणारे असे हे साधन असल्याने बक्कलवरच्या आवरणांना घेतला जाणारा आक्षेप त्याला लागू होत नाही.

विशेष गरजा असलेली मुले

स्वमग्नता, तीव्र अतिचंचलता किंवा स्पर्शाची अतिसंवेदनशीलता असलेल्या काही मुलांच्या बाबतीत वरील उपाय अपुरे पडतात. ही मुले वयाने व ताकदीने मोठी असू शकतात आणि गाडी थांबण्याचा परिणाम त्यांच्यावर होतोच असे नाही. अशा मुलांसाठी पाठीमागून बंद होणारी बंडी, मोठ्या वजनमर्यादेची विशेष आसने आणि अपवादात्मक स्थितीत बक्कलचे आवरण यांचा विचार केला जातो. तो निर्णय व्यवसायोपचारतज्ज्ञ किंवा बालरोगतज्ज्ञ यांच्या सल्ल्याने, धोक्यांची तुलना करून घ्यायचा असतो. आवरण वापरावे लागल्यास गाडीत सहज दिसेल अशा जागी बचाव करणाऱ्यांसाठी सूचना लावणे आणि पट्टा कापण्याचे साधन चालकाच्या हाताशी ठेवणे आवश्यक मानले जाते. चित्रांच्या साहाय्याने प्रवासाचा क्रम आधी समजावणे, छोट्या फेऱ्यांपासून सराव करणे आणि पट्ट्याचा स्पर्श सुसह्य करणे यांचाही अशा मुलांना उपयोग होतो.

पट्ट्यात अडकण्याचा धोका

सुटण्याच्या अगदी उलट असा एक धोका कमी परिचित आहे. अनेक गाड्यांतील पट्टे पूर्ण बाहेर ओढल्यावर आत जाण्याच्या दिशेनेच सरकतात, बाहेर येत नाहीत. बालआसन घट्ट बसवता यावे म्हणून ही रचना केलेली असते. शेजारच्या रिकाम्या आसनाचा पट्टा खेळताना मुलाने गळ्याभोवती गुंडाळला आणि तो पूर्ण ओढला गेला, तर तो आवळत जातो आणि सोडवता येत नाही. यासाठी मुलाच्या हाताच्या टप्प्यात असलेले रिकामे पट्टे बक्कलमध्ये अडकवून, उरलेली ढील आत घेऊन ठेवावेत असे सांगितले जाते. पट्टा गळ्याभोवती आवळलाच, तर बक्कल उघडून पाहावे आणि तेवढ्याने तो सुटला नाही तर विलंब न लावता कापावा. उभ्या गाडीत मुलांना एकटे न सोडण्याचे हेही एक कारण आहे.

कायदा आणि भारतातील स्थिती

मुलांना प्रवासात सुरक्षित बांधणे कायद्याने बंधनकारक करणारे पहिले अमेरिकी राज्य टेनेसी होय. बालरोगतज्ज्ञ रॉबर्ट सँडर्स यांच्या प्रयत्नांतून १९७७ मध्ये संमत झालेला तेथील कायदा १ जानेवारी १९७८ पासून अमलात आला. त्यात मोठ्यांनी हातांत धरलेल्या मुलाला सवलत होती; ती १९८१ मध्ये रद्द झाली. १९८५ पर्यंत अमेरिकेच्या सर्व राज्यांत असे कायदे झाले.

भारतात मोटार वाहन (सुधारणा) अधिनियम, २०१९ अन्वये मूळ कायद्यात कलम १९४बी समाविष्ट झाले. १४ वर्षांखालील मुलाला सुरक्षा पट्टा किंवा बालसुरक्षा आसन यांनी सुरक्षित न करता वाहन चालवणे त्यानुसार १,००० रुपये दंडास पात्र आहे. हा दंड वाहन चालवणाऱ्यावर किंवा तसे चालवू देणाऱ्यावर असतो. मुलाने स्वतः पट्टा सोडला होता म्हणून चालकाला सूट मिळेल अशी कोणतीही तरतूद या कलमात नाही. बालआसनांसाठी ‘एआयएस ०७२’ हे भारतीय मानक असून ते युरोपीय नियमन ४४ च्या धर्तीवर आहे. युरोपात मात्र त्याची जागा आता उंचीवर आधारित ‘नियमन १२९’ ने घेतली आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेल्या ‘भारत एनकॅप’ या कार-मूल्यांकनात बालप्रवाशांच्या सुरक्षेला स्वतंत्र ४९ गुण ठेवलेले आहेत.

महाराष्ट्रात मागच्या आसनावरील पट्ट्याची सार्वजनिक चर्चा प्रामुख्याने ४ सप्टेंबर २०२२ नंतर झाली. त्या दिवशी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला. ते मागच्या आसनावर पट्टा न लावता बसले होते. त्यानंतर मुंबई वाहतूक पोलिसांनी १ नोव्हेंबर २०२२ पासून कारमधील सर्वच प्रवाशांना पट्टा बंधनकारक असल्याचे जाहीर केले. तरीही लहान मूल मांडीवर, पुढच्या आसनावर किंवा दोन आसनांमध्ये उभे, हे दृश्य राज्यातील रस्त्यांवर नित्याचे आहे. ज्या मुलाने कधी पट्टा पाहिलाच नाही त्याला तीन-चार वर्षांच्या वयात तो अचानक लावल्यास त्याने तो सोडणे स्वाभाविक आहे. जन्मानंतरच्या पहिल्या प्रवासापासून आसनाची सवय लागलेल्या मुलांमध्ये हा विरोध तुलनेने कमी असतो.

पट्टा सुटल्याचे चालकाला कळवणाऱ्या यंत्रणाही उपलब्ध आहेत. भारतात १ जुलै २०१९ पासून पुढच्या दोन्ही आसनांसाठी पट्ट्याचा इशारा देणारी यंत्रणा नव्या गाड्यांत सक्तीची झाली आणि अनेक गाड्यांत मागच्या आसनांसाठीही ती असते. परंतु ही यंत्रणा कारचे स्वतःचे बक्कल पाहते. बालआसन कारच्या आयसोफिक्स कड्यांना अडकवलेले असेल आणि मुलाने आसनाच्या हार्नेसचे बक्कल उघडले, तर कारला त्याचा पत्ताही लागत नाही. काही परदेशी आसनांच्या छातीवरील क्लिपमध्ये ती उघडताच चालकाला सूचना देणारा संवेदक बसवलेला असतो. अशी सोय नसलेल्या गाडीत मागचे मूल दिसेल असा छोटा जादा आरसा लावला जातो. तो घट्ट बसवलेला आणि न फुटणारा असावा लागतो, आणि त्यात पाहण्याची वेळ सिग्नलला गाडी उभी असतानाची असते.